फाइलमधली पुण्याची चिठ्ठी

मार्च महिन्यात लेकीनं जेवताना सांगितलं की ती सैन्यात भरती होणार आहे. अमेरिकेच्या सैन्यात, अर्थात. तिचा जन्मच इथला. बावीस वर्षांची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या सेमिस्टरला असलेली, स्वतःच्या मोज्यांची जोडी न सापडणारी ही मुलगी आमटीत भात कालवता कालवता म्हणाली की तिला हेलिकॉप्टरं दुरुस्त करायची आहेत, आणि ती सैन्यात राहूनच करायची आहेत. माझा घास तोंडातच राहिला. मग मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलमधली घरं एकमेकांपासून लांब असतात, ते बरं.

नवरा आवाज चढवत नाही. संकट आलं की तो लॅपटॉप उघडतो. त्यानं दोन दिवसांत युरोपच्या बारा दिवसांच्या सहलीचं स्प्रेडशीट बनवलं. ही लेकीला पदवीची भेट. त्यात आयफेल टॉवर, चर्च, राजवाडे, चौक असे पिवळे रकाने होते आणि मधूनमधून राखाडी. राखाडी म्हणजे युद्धस्मारकं आणि सैनिकांच्या दफनभूमी. गॅरेजमध्ये कचऱ्याचा डबा बाहेर काढताना त्यानं मला हळूच बेत सांगितला. त्या कबरींच्या रांगा एकदा डोळ्यांनी पाहिल्या की पोरगी स्वतःच नको म्हणेल, आपल्याला एक शब्द बोलावा लागणार नाही. मला ते पटलं. आम्ही दोघंही शिकलेली माणसं, त्यामुळे आपलं मूल सहलीला नेलं की शहाणं होतं यावर आमची श्रद्धा आहे.

माझा स्वतःचा एक वेगळा बेत होता आणि तो नवऱ्यालाही ठाऊक नव्हता.

आमच्याकडे एक निळी चेनवाली फाइल आहे. पासपोर्ट, नागरिकत्वाची सर्टिफिकेटं, लसींची कार्डं, लेकीची पत्रिका, माझ्या बारावीची मार्कलिस्ट, सगळं त्या एका फाइलमध्ये. सहलीचे पासपोर्ट काढताना त्यात मला डॉक्टरांच्या लेटरहेडवरची एक चिठ्ठी सापडली. लेक चौदा वर्षांची असताना आम्ही डिसेंबरात एका लग्नाला पुण्याला गेलो होतो. होमाच्या धुरानं म्हणा, थंडीत जागोजाग पेटवलेल्या कचऱ्यानं म्हणा, तिला अशी धाप लागली की ओठ निळे पडले. नवऱ्याचे मामा डॉक्टर. त्यांनी तपासलं, पंप दिला आणि चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलं: दमा. तीन महिने पंप घ्या, तिकडे गेल्यावर तिथल्या डॉक्टरांना दाखवा.

मी दाखवलं नाही. लेक तेव्हा शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायची. दम्याची मुलगी म्हटल्यावर तिला बँडमधून काढतील, ही माझी भीती. पंप मी संपवला, पुन्हा कधी धाप लागली नाही, आणि इथल्या डॉक्टरांच्या कॉम्प्युटरमध्ये ती ठणठणीतच राहिली. गंमत म्हणजे मी नोकरी करते ती एका दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात. लोकांच्या आजारांच्या नोंदी अर्धवट असल्या की मी डॉक्टरांच्या मागे लागून त्या पुऱ्या करून घेते. स्वतःच्या मुलीची एक नोंद मात्र मी आठ वर्षं चेन लावून ठेवली.

भरतीच्या कागदांत एक प्रश्न होता, तो मी तिच्या टेबलावर वाचला होता. वयाच्या तेराव्या वर्षानंतर कधी दमा झाला आहे का? झाला असेल तर घेत नाहीत. खास परवानगी मिळाली तरच. म्हणजे तिला थांबवणारा कागद माझ्या हातात होता. तो दाखवला तर ती थांबली असती, पण कुणी थांबवलं ते तिला जन्मभर लक्षात राहिलं असतं. आणि नाही दाखवला, आणि कुठल्या तरी वाळवंटात धुळीत तिला तशीच धाप लागली तर? तिथे मामा नसणार. मला दोन्ही बाजूंनी झोप येईना. शेवटी ती चिठ्ठी मी फाइलच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि फाइल पर्समध्ये घालून युरोपला गेले.

पॅरिसमध्ये पहिले दोन दिवस पिवळे होते. आयफेल टॉवरच्या रांगेत दीड तास उभं राहून आम्ही वर गेलो आणि वरून खाली बघून पुन्हा खाली आलो. लोखंडाचा एवढा पसारा कशासाठी केला ते मला काही कळलं नाही, पण लेकीला प्रत्येक खिळा बघायचा होता. कुठला भाग कुठल्या भागाला कसा जोडला आहे हे ती बापाला समजावून सांगत होती, आणि तो माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता. बघ, हिला पूल बांधायला पाठवू, असं त्याला म्हणायचं होतं.

संध्याकाळी पहिला राखाडी रकाना होता: मोठ्या विजयकमानीखालचा अनाम सैनिक. तिथे जमिनीत एक ज्योत सतत जळत असते आणि रोज संध्याकाळी लोक येऊन ती नव्यानं तेवत ठेवतात. नवऱ्यानं पाठ करून आणलेली माहिती सुरू केली, किती मेले, किती सापडलेच नाहीत. तो आकडे सांगत होता आणि मी लेकीचा चेहरा बघत होते. घाबरली का, हे बघत होते. ती काही घाबरली नव्हती. ज्याचं नावही कुणाला माहीत नाही त्याच्यासाठी इतकी वर्षं रोज कुणीतरी येतं, हे तिला फार मोठं वाटलं. तिनं तसं सांगितलंही.

समुद्रकाठच्या अमेरिकन दफनभूमीवर त्याची खरी भिस्त होती. भाड्याच्या गाडीनं आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. हिरवळीवर पांढरे क्रूस, नजर जाईल तिथपर्यंत. मला तिथे उभं राहवेना. प्रत्येक क्रूसावरची तारीख मी वाचत होते आणि वय काढू बघत होते, पण दगडांवर जन्मसाल नसतं. मग मी सगळ्यांना बावीस वर्षांचं धरलं. एवढ्या मुलांच्या आया तार घेऊन दारात उभ्या राहिल्या असतील, असं मनात आलं. मी नवऱ्याला म्हटलं, चल, पुरे. तो म्हणाला, थांब, तिला बघू दे.

तेवढ्यात तिथल्या कर्मचाऱ्यानं झेंडा उतरवायची वेळ झाल्याचं सांगितलं आणि घडी घालायला कुणी येतंय का, असं विचारलं. लेक पुढे झाली. तिच्याबरोबर एक म्हातारे अमेरिकन गृहस्थ. दोघांनी झेंडा ताणून धरला, टोकाला टोक लावलं, हातांनी सुरकुती मोडली. अगदी तसंच ती माझ्या नऊवारीची घडी घालायला मदत करते, मीच शिकवलंय. घडी झाल्यावर त्या गृहस्थांनी तिला काही विचारलं, तिनं उत्तर दिलं, आणि त्यांनी दोन्ही हातांत तिचा हात घेतला. ती परत आली तेव्हा तिचे डोळे ओले होते आणि पाठ ताठ होती. आम्ही विष म्हणून दिलं ते टॉनिक निघालं.

माझा राग गाडीत बाहेर पडला. मी म्हटलं, हा तुझा प्रश्न नाही, तुझे आजोबा, पणजोबा कुणी इथे मेलेलं नाही. आपण इथे कामाला आलो, घर घेतलं, टॅक्स भरतो. एवढं पुरे आहे.

ती मागच्या सीटवरून शांतपणे म्हणाली, "आई, यू टूक द ओथ."

मला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलतेय. मग तिनं आठवण करून दिली. ती सात वर्षांची होती, माझ्या नागरिकत्वाच्या शपथेच्या दिवशी शिकागोच्या एका मोठ्या हॉलमध्ये माझ्या शेजारी कागदी झेंडा घेऊन बसली होती. मी उजवा हात वर करून, वेळ पडली तर या देशासाठी शस्त्र उचलेन, असं म्हटलं होतं. तिनं ऐकलं होतं. रात्री तिनं मला विचारलंही होतं की तू बंदूक घेणार का, आणि मी हसले होते.

मला त्या दिवसाचं एवढंच आठवतं की नवीन चपला लागत होत्या आणि नंतरच्या बुफेची वेळ टळून जाईल अशी धास्ती होती. मी म्हटलं, "अगं, ते वाचून दाखवतात, आपण मागून म्हणायचं असतं. सगळेच म्हणतात."

"मग तू खोटं बोललीस?"

नवऱ्यानं वळण नसताना इंडिकेटर लावला. माझं डोकं आणखीच तापलं.

नव शापेलचं स्मारक स्प्रेडशीटमध्ये नंतर घुसवलेलं होतं, रस्त्यातच आहे म्हणून. फ्रान्सच्या उत्तरेला, शेतांच्या मधे, पहिल्या महायुद्धात तिथे लढलेल्या हिंदुस्थानी सैनिकांसाठी बांधलेलं. गोल भिंत, मधे उंच खांब, खांबाच्या पायाशी दोन दगडी वाघ. आमच्याखेरीज तिथे फक्त गवत कापणारा एक माळी होता. नवऱ्यानं फाटकातच बूट काढले. कुणी सांगितलं नव्हतं, पाटीही नव्हती. मीही काढले. लेकीनं आमच्याकडे बघितलं आणि तीही अनवाणी आत आली. माळ्यानं मशीन बंद केलं आणि तो लांब जाऊन उभा राहिला.

भिंतीवर नावंच नावं. शीख, गढवाली, पठाण, गुरखे, आणि सुरुंग-पूल करणाऱ्या एका तुकडीपाशी एकदम ओळखीची नावं आली. आपल्याकडची. इंग्रजी अक्षरांत मोडून लिहिलेली, पण आपलीच. भिंतीतल्या एका कोनाड्यात जाड वही होती, तिच्यात प्रत्येकाची ओळख दिलेली: अमुकचा मुलगा, गाव, तालुका, जिल्हा. मी पानं उलटत गेले आणि सातारा जिल्ह्यापाशी थांबले. त्यातलं एक गाव माझ्या आजोळापासून तीन मैलांवर आहे. तिथे आम्ही ऊस खायला जायचो. त्या गावात या माणसाचं नाव मी कधी ऐकलं नाही. त्याच्या बापाचं नाव वहीत होतं. आईचं नव्हतं. पुढचं-मागचं बघितलं, कुणाच्याच आईचं नव्हतं.

ते वाचताना मला काय झालं सांगता येत नाही. कुणाच्या राजासाठी, कुणाच्या शेतात, आणि तिकडे आईला कोण सांगायला गेलं असेल? पाटलाच्या हाती निरोप गेला असेल. की महिनोन् महिने गेलाच नसेल? मला एकदम वाटलं, बास. मुलीनं जन्मभर माझं तोंड बघितलं नाही तरी चालेल. मी पर्स उघडली, फाइल काढली, चेन ओढली आणि चिठ्ठी तिच्यापुढे धरली.

"हे फॉर्मवर लिही," मी म्हटलं. "तुला दमा होता. तुला घेणार नाहीत."

नवऱ्यानं चिठ्ठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला आपल्या मामांचं अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. लेकीनं मात्र चिठ्ठी हातातही घेतली नाही.

"मला माहितेय," ती म्हणाली. "एप्रिलमध्ये लसींचं कार्ड घेताना बघितली. फोटो काढला. मी लिहिलंय ते, आई. ऑलरेडी. आता ते ब्रीदिंग टेस्ट करणार, मग ठरवणार."

एप्रिलमध्ये. म्हणजे मी रात्र-रात्र जागून ज्या कागदाची राखण करत होते, तो तिनं केव्हाच स्वतःहून देऊन टाकला होता. तिला हवं ते हातातून जाईल हे माहीत असून तिनं खरं लिहिलं होतं. आणि तरी चिडले मीच. मला का नाही सांगितलंस, म्हणून विचारलं.

"तू पण नाही सांगितलंस."

आवाज चढवला नव्हता तिनं, बापावर गेली आहे. मी चिठ्ठी पुन्हा फाइलमध्ये ठेवली, कारण कागद कुठे तरी ठेवावा लागतोच. फाटकापाशी तिघंही खाली बसून बूट घालत होतो तेव्हा माळ्यानं पुन्हा मशीन सुरू केलं.

राहिलेले रकाने आम्ही पूर्ण केले. ब्रुसेल्सच्या चौकातले फोटो आहेत, तिघंही हसतोय, लेकीच्या हनुवटीला चॉकलेट लागलंय. नातेवाइकांच्या ग्रुपवर ते टाकले तेव्हा सगळ्यांनी छान, छान म्हटलं. एका मावशींनी विचारलं, आता हिच्या लग्नाचं बघताय ना?

श्वासाची तपासणी सप्टेंबरात होती, शिकागोतल्या एका मोठ्या दवाखान्यात. मी सुट्टी काढून बरोबर जायचं ठरवलं. लेक नको म्हणाली नाही. सकाळी निघताना मी देवापुढे उभी राहिले. आता खरं ते लिहायलाच हवं. मी हात जोडून मागितलं की हिचा श्वास कमी भरू दे. स्वतःच्या मुलीच्या छातीत बळ नसावं असं मी देवाकडे मागितलं, आणि वळले, तर ती दारात बूट घालून उभी. मी फ्रिजमधून दही काढलं आणि चमचाभर तिच्या तळहातावर घातलं. तिच्या प्रत्येक परीक्षेला, पहिल्या मुलाखतीला, ड्रायव्हिंग टेस्टला घातलं तसं. कामात यश यावं म्हणून घालतात ते. तिनं ते चाटून घेतलं, हात धुतला आणि गाडीची किल्ली उचलली. मी काय केलं ते स्टेशनवर शिकागोच्या ट्रेनमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं.

तपासणीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आतली बाई मोठ्यानं सांगत होती, खोल श्वास घ्या, आता फुंका, फुंका, अजून, अजून. बाहेरच्या खुर्चीत बसून मी माझाच श्वास धरला होता. मला बँडमधली ती दिसत होती, गाल फुगवून, लालबुंद होऊन वाजवणारी. ते वाजवणं सुटू नये म्हणून मी चिठ्ठी लपवली होती, आणि त्या वाजवण्यानंच तिची छाती अशी तयार झाली. आतून त्या बाईचं हसणं ऐकू आलं. ती म्हणाली, इतका दम तर आमच्याकडे पळणाऱ्यांचाही नसतो. मला अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू, वाटलाच. आणि पाठोपाठ कळलं, आता हिला घेणार.

परवानगी नोव्हेंबरात आली. बाहेर पहिला बर्फ पडून गेला होता आणि नवरा ड्राइव्हवे साफ करत होता. लेक स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसली होती. मी पोळ्या करत होते.

"आई, तुझा फोन नंबर हाच ना, कायमचा? इथे लिहायचाय."

मी गॅस बारीक करून तिच्या खांद्यावरून बघितलं. तिला काही झालं तर खबर कुणाला द्यायची, असा तो रकाना होता. पहिल्या ओळीत माझं नाव होतं. पूर्ण नाव, स्पेलिंग बरोबर. त्यापुढे नातं: आई.

"बाबाचं का नाही घातलंस?" मी विचारलं.

"बाबाचा फोन नेहमी सायलेंटवर असतो. तू उचलतेस."

मी हाताचं पीठ झाडलं आणि तिच्या हातातलं पेन घेतलं. नंबर मीच लिहिते म्हटलं. पंधरा वर्षांचा माझा नंबर, तरी शेवटून दुसरा आकडा चुकला. पेन तसंच कागदावर टेकलेलं राहिलं. तो चुकलेलाच ठेवावा, असं वाटलं. मग कुणालाही मला काही सांगताच येणार नाही. तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला. लेक उठून गॅस बंद करायला गेली. मी आकडा खोडला, शेजारी नीट लिहिला आणि ती परत आल्यावर तिला तो मोठ्यानं वाचायला लावला.